आजारपणात श्रद्धेचा आधार: आधी काय, मग काय

घरात मोठं दुखणं आलं की ख्रिस्ती कुटुंबात गोष्टी साधारण ठरल्यासारख्या घडतात. निदान कळलं त्याच संध्याकाळी मोबाईलवर पवित्र शास्त्रातली वचनं यायला लागतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उपवास-प्रार्थना ठेवतं. आठवड्याभरात पाच-सहा जण खाटेभोवती उभे राहून ‘विश्वास ठेवा, बरं होणारच’ असं सांगून जातात. पुढं महिन्याभरानं रात्री दवाखान्यात झोपायला माणूस लागतो, तेव्हा कुणी मिळत नाही. आजारी माणूस तोवर गप्प झालेला असतो, कारण त्याच्या मनातली भीती बोलून दाखवली तर ती अविश्वास ठरेल असं त्याला वाटतं.

हेतू सगळ्यांचा चांगला असतो, पण क्रम उलटा लागतो. पवित्र शास्त्रात 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. तिथं देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो एलीयाला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो, आणि ‘ही वाट तुला झेपण्याजोगी नाही’ हे मान्य करतो. परमेश्वराची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आधी शरीर, मग गाऱ्हाणं, मग वचन, मग मागणं, हाच क्रम खाली धरला आहे. मेथॉडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या मंडळ्या (चर्चेस) बेळगाव जिल्ह्यात आहेत. जिथं पद्धत वेगळी आहे तिथं तसं सांगितलं आहे.

## टप्पा 1: पहिल्या दोन दिवसांतली तयारी

एक वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर रोग्याचं नाव, वय, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि चालू गोळ्यांची नावं वेळेसह. गोळ्यांची नावं पाकिटावरून जशीच्या तशी उतरवा. ‘बीपीची पांढरी गोळी’ असं लिहून दवाखान्यात काही कळत नाही. मागच्या बाजूनं प्रार्थनेची पानं सुरू करा. ती का ते पुढं येईल.

एक माणूस. डॉक्टरांशी बोलणारा एकच ठेवा. चार जणांनी चार वेळा विचारलं की चार वेगळी उत्तरं घरी येतात आणि भांडण होतं. हाच माणूस मंडळीला खबर देईल. काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यानं रोग्याला विचारून ठरवावं. ‘प्रार्थनेसाठी विषय’ म्हणून कुणाचा कॅन्सर किंवा गर्भपात परवानगीशिवाय ग्रुपवर टाकणं ही फार वारंवार होणारी चूक आहे, आणि तिनं झालेलं नुकसान भरून येत नाही.

कागदाची पिशवी. आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. खानापूरच्या कणकुंबी पट्ट्यात जुलैत रस्ते बंद पडतात, चिकोडी-अथणी-रायबागकडं कृष्णेला पाणी चढतं. म्हणून जूनमध्येच निदान पंधरा दिवसांची औषधं घरात असू द्या.

भाषेची सोय. घरी मराठी, सरकारी दवाखान्यातला अर्ज कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. तिन्ही वाचणारा एक तरुण मंडळीत असतोच. त्याचा नंबर वहीत लिहा. संमतीपत्रावर सही करण्याआधी तो कागद त्याच्याकडून मराठीत समजून घ्या, निदान फोनवर फोटो पाठवून.

वाचनाची सोय. मोठ्या टाइपाचं पवित्र शास्त्र नसेल तर टप्पा 4 मधले उतारे घरातल्या कुणीतरी फोनवर आवाजात भरून ठेवा. तापात किंवा केमोनंतर डोळ्यांनी वाचणं होत नाही. ओळखीचा आवाज हवा, नातवाचा असला तर उत्तमच.

*तपासा:* डॉक्टरांशी कोण बोलणार, खबर कोण देणार, कागद कुठं आहेत, या तीन प्रश्नांना घरातल्या प्रत्येकाचं एकच उत्तर आलं पाहिजे.

## टप्पा 2: शरीराची आबाळ थांबवा

इथं घाई करून पुढं जाण्याकडं सगळ्यांचा कल असतो. भुकेल्या, जागरणानं पिचलेल्या माणसाला आशा वाटत नाही, आणि त्याचा अर्थ त्याचा विश्वास कमी आहे असा लावला जातो. रोगी आणि सांभाळणारा, दोघांचं विचारा: काल रात्री किती तास झोप झाली? आज गरम जेवण कितीदा मिळालं? गोळ्या चुकल्या का? ही उत्तरं नीट येईपर्यंत वचनाला हात लावू नका.

औषध घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं, हा समज अजून आहे. शास्त्र तसं म्हणत नाही. हिज्कीया राजासाठी प्रार्थनाही झाली आणि गळवावर अंजिरांचा लेपही बसला (यशया 38:21). प्रेषित पौलानं आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23), आणि त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून तो पुढं गेला (2 तीमथ्य 4:20). पौलासारख्याच्या सोबत्यांची सगळी दुखणी प्रार्थनेनं गेली नाहीत, तर आपल्या घरच्या माणसाच्या दुखण्यावरून त्याचा विश्वास मोजायचं कारण नाही.

उपवासाचं. उपवास धरायचा तर निरोग्यानं धरावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यानं जेवण चुकवलं की साखर 70 च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. किडनीचा रोगी, गरोदर बाई, केमो चालू असलेला, यांनीही उपवास धरू नये. कॅथलिक नियमातला उपवास 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे, आजाऱ्यांवर तो बंधनकारक नाही. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपवाससुद्धा आजारी, म्हातारे आणि त्यांची सेवा करणारे यांना लागू नाही. हे सेवा करणाऱ्यांना सहसा ठाऊकच नसतं.

> इशारा. पुढची लक्षणं दिसली तर आधी 108, मग पाळक किंवा फादर:
> – तोंड एका बाजूला वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळतं: पक्षाघात. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.
> – छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ.
> – फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा लागोपाठ दुसरी आली.

फिट येते तेव्हा माणसाला दाबून धरून मोठ्यानं प्रार्थना करू नका. कांदा, चप्पल, किल्ली काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. फिट म्हणजे भूत नव्हे, आणि एकटंच बडबडणं किंवा संशय घेणं हीसुद्धा ‘करणी’ नव्हे. या दोन्हींवर औषधं आहेत, आणि ती मधेच बंद केली की दुखणं पहिल्यापेक्षा जोरात उलटतं.

## टप्पा 3: गाऱ्हाण्याला जागा द्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. म्हणून इथं थोडं थांबू.

स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. स्तोत्र 13 फक्त सहा ओव्यांचं आहे. सुरुवातीला ‘कुठवर?’ असं देवाला पुन्हा पुन्हा विचारलं आहे, मग मागणं आहे, आणि भरवसा येतो तो अगदी शेवटी. स्तोत्र 88 मध्ये तर तोही येत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे. येशू स्वतः लाजराच्या कबरेकडं जाताना रडला (योहान 11:35), तेही लाजराला पुन्हा जिवंत करायचं आहे हे ठाऊक असताना. ‘ख्रिस्ती माणसानं रडू नये’ असं म्हणणाऱ्या काका-मामांना ही ओळ दाखवायला हरकत नाही.

करायचं कसं:

1. दार लोटा, टीव्ही बंद करा. खोलीत रोगी आणि एकच माणूस.
2. स्तोत्र 13 सावकाश वाचा. समजावून सांगू नका.
3. विचारा: ‘तुमचं कुठवर काय आहे?’ आणि गप्प बसा. एक मिनिट फार लांब वाटतं, तरी बोलू नका. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री तोंड उघडलं नाही (ईयोब 2:13), तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.
4. जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत वहीच्या मागच्या पानावर लिहा, तारीख घालून. ‘पोरीचं लग्न बघायचं होतं.’ ‘संडासला दुसऱ्यानं न्यावं लागतं याची लाज वाटते.’ ‘देव ऐकत नाही असं वाटतं.’ सुधारून लिहू नका.
5. लिहिलेलं तसंच देवापुढं वाचा, आणि शेवटी एवढंच: ‘हे प्रभू, हे असं आहे. तू ऐक. आमेन.’

बोलता न येणाऱ्यासाठी, म्हणजे पक्षाघात झालेला किंवा घशात नळी असलेला, हो-नाहीचे प्रश्न विचारा आणि हाताच्या दाबानं उत्तर घ्या. शब्दच सुचत नाहीत अशा वेळी पवित्र आत्मा उसाशांनी आपल्यासाठी विनवणी करतो असं रोमकरांस 8:26 मध्ये आहे. ते सांगावं आणि थांबावं.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका

‘कुणाच्या पापामुळं हे आलं?’ शिष्यांनीही जन्मांधाबद्दल नेमकं हेच विचारलं होतं आणि येशूनं तो प्रश्नच बाजूला ठेवला (योहान 9:1-3). घरात हा विषय निघाला तर तो उतारा वाचा आणि चहा टाका.

‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत.’ खरं असेल, पण त्यानं कुणाचंही दुखणं कमी होत नाही.

आणि तिसरी, रोग्याच्या तोंडून ‘आता बरं वाटतंय’ असं वदवून घेणं. ते तुमच्यासाठी असतं, त्याच्यासाठी नाही.

*तपासा:* रोगी तुमच्यासमोर एकदा तरी चिडला, रडला किंवा ‘नको आता’ म्हणाला का? नसेल तर पुढचा टप्पा अजून दोन दिवसांनी.

## टप्पा 4: वचन निवडणं

एका दिवशी एकच उतारा, तोही छोटा. सकाळी वाचलेलाच संध्याकाळी पुन्हा. आजारी मेंदूला नवं नको असतं, ओळखीचं हवं असतं.

- रात्र जाता जात नाही तेव्हा: स्तोत्र 121 किंवा 130, दोन्ही आठ-आठ ओव्यांची. 130 मध्ये पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत. रात्रपाळीला बसलेल्याला ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.
- ऑपरेशनच्या सकाळी: स्तोत्र 23. पाठ असतं, भुलीची सुई देईपर्यंत मनात म्हणता येतं.
- रिपोर्टची वाट बघताना: मत्तय 6:34, उद्याची चिंता उद्यावर.
- दुखणं हटत नाही हे कळल्यावर: 2 करिंथ 12:7-9. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलानं तीनदा मागितलं, तो निघाला नाही, कृपा मिळाली.
- सांभाळणाऱ्यासाठी: निर्गम 17:12. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरले.

आता जी वचनं भलत्या वेळी वापरली जातात ती. यिर्मया 29:11 मधलं ‘हिताचे संकल्प’ हे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या वरच्याच ओळीत सत्तर वर्षं थांबावं लागेल असं लिहिलं आहे. पुढच्या महिन्याचा रिपोर्ट चांगला येईल असा त्याचा अर्थ काढू नका. स्तोत्र 91 म्हणजे रोग शिवणारच नाही अशी हमी, असं सांगणाऱ्यांनी मत्तय 4:6 बघावं: ते स्तोत्र हमीसारखं सैतान वापरतो असं तिथं आहे. रोम 8:28 (सगळ्या गोष्टी मिळून हिताला कारण होतात) खरं आहे, पण मूल दगावलेल्या आईला त्याच आठवड्यात सांगायचं ते वचन नव्हे. ‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे तर शास्त्रात त्या शब्दांत नाहीच. 1 करिंथ 10:13 मोहाबद्दल, परीक्षेबद्दल बोलतं, कॅन्सरबद्दल नाही.

वचन सेवेच्या कामाला जोडून टाका, म्हणजे ते टिकतं. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कंबरेवर, टाचांवर, खुब्यावर जखमा होतात. प्रत्येक वेळी एक ओळ म्हणा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत नऊ वेळा होतं, म्हणजे एक अख्खं स्तोत्र. नळीनं जेवण देताना पाठ 30 ते 45 अंश वर ठेवायची आणि नंतरही अर्धा ते एक तास तशीच. तो वेळ मोठ्या वाचनाला चांगला, कारण तुम्हाला तिथून हलता येत नाही.

## टप्पा 5: मागणं

प्रार्थना दिवसातून तीनदा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. अर्ध्या तासाची प्रार्थना रोग्याला दमवते, आणि नर्सची सलाइनची वेळ मधेच येते.

मागणं तीन थरांचं ठेवा आणि तिन्ही मोठ्यानं म्हणा:

मोठं मागणं. बरं होऊ दे. संकोच नको. येशूनंही गेथशेमानेत ‘हा प्याला टळू दे’ असंच आधी म्हटलं, आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ (मार्क 14:36). दोन्ही भाग, त्याच क्रमानं.

आजचं मागणं. आज उलटी थांबू दे. आज सुईला शीर सापडू दे. आज पोराचा फोन येऊ दे. संध्याकाळी वहीत खूण करा: झालं, नाही झालं. ‘नाही झालं’ही लिहा, नाहीतर चार दिवसांत त्या वहीवरचा तुमचाच विश्वास उडतो.

सोबतीचं मागणं. काहीही झालं तरी आम्हाला सोडू नकोस.

नमुना: ‘हे स्वर्गीय बापा, आईला बरं कर, आम्हाला तेच हवं आहे. आज डायलिसिसला जाताना तिला धाप लागू नये. आणि तुझ्या मनात दुसरं काही असेल तर तेव्हाही तू इथंच रहा. येशूच्या नावानं मागतो. आमेन.’ कॅथलिक घरात याला जोडून जपमाळेचं एक दशक (दहा मण्यांचा भाग) पुरतं. पूर्ण माळ रोग्याला जमेल तेव्हाच.

> इशारा: वॉर्डातली प्रार्थना. जनरल वॉर्डात आवाज खाटेपुरता. शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी, तो कुठल्याही धर्माचा असो, त्यानं सांगितल्याशिवाय हात ठेवून प्रार्थना करू नका. त्याला नको असेल तर त्याला उठून जाताही येत नाही. सिस्टर ड्रेसिंगला आली की ‘आमेन’ म्हणून बाजूला व्हा.

## टप्पा 6: भेटीला जाणाऱ्यांनी

याकोब 5:14 मध्ये आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, बोलवावं असं आहे. म्हणजे बोलावणं त्याच्याकडून यावं. आधी फोन करा, ‘येऊ का?’ विचारा, आणि ‘आज नको’ हे उत्तर सरळ घ्या.

जाण्याआधी. दोघं, जास्तीत जास्त तिघं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तुमच्या साध्या पडशाचा तिथं न्यूमोनिया होऊ शकतो. टीबीच्या घरी मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून बसा, पण जा. उपचार सुरू असलेल्या माणसाला वाळीत टाकू नका.

हातात काय न्यावं. इथं आपुलकी धोक्याची ठरते. डायलिसिसच्या रोग्याला शहाळं, केळी, मोसंबी नको: पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्याला पाणीसुद्धा मोजून असतं. साखरेच्या रोग्याला बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचा करदंट नेऊ नये. नेला तर तो घरच्या पोरांसाठी आहे हे बाहेरच सांगावं. सगळ्यात उपयोगी म्हणजे रोग्याबरोबर राहणाऱ्यासाठी जेवणाचा डबा, आणि पाकिटात घातलेले पैसे. ते स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईच्या हातात, कुणाला न दिसता द्यावेत.

तिथं किती वेळ. पंधरा मिनिटं. पहिली दहा ऐकण्यात, तीन वाचनात, दोन प्रार्थनेत. बसून बोला, उभा माणूस निघायच्या घाईत दिसतो. अमक्या बाईला हाच आजार होता आणि ती गेली, हे तिथं सांगणारी माणसं असतात. त्यांना गाडीपाशीच थांबवा.

तेल लावताना. एक थेंब, कपाळावर किंवा तळहातावर. टाक्यांवर, ड्रेसिंगवर, सलाइनच्या जागेवर नाही. ऑक्सिजन चालू असेल तर चेहऱ्यावर तेल टाळा, हाताला लावा, आणि त्या खोलीत मेणबत्ती पेटवूच नका. ऑक्सिजनमध्ये ठिणगी क्षणात भडकते. कॅथलिकांमध्ये आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. तो शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, आणि आजार बळावला तर पुन्हाही तो घेता येतो. ‘फादर आले म्हणजे संपलं’ या भीतीपायी लोक इतका उशीर करतात की रोग्याला काही उमगतच नाही.

प्रभुभोजन किंवा ख्रिस्तप्रसाद देताना आधी विचारा: गिळता येतं का, ठसका लागतो का? त्रास असेल तर भाकरीचा अगदी बारीक कण, ओला करून. नाकातून नळी असेल तर तोंडातून काही देण्याआधी सिस्टरला विचारा. यकृताचा रोगी किंवा दारू सोडलेला माणूस असेल तर प्रोटेस्टंट मंडळीत दारू नसलेला द्राक्षरस वापरा, कॅथलिकांना फक्त भाकरीच्या रूपात घेता येतं.

पैसे घेऊन बरं करणारे. प्रार्थनेची किंमत सांगणारा, गोळ्या बंद करायला लावणारा, ‘विश्वास कमी पडला’ म्हणून दुसऱ्या सभेला बोलावणारा, यातलं एकही लक्षण दिसलं तर त्याला पुन्हा घरात घेऊ नका.

## टप्पा 7: सांभाळणाऱ्याच्या पाळ्या

घरोघरी हे ओझं एका बाईवर पडतं, सुनेवर किंवा थोरल्या मुलीवर. तिला ‘देव तुम्हाला बळ देवो’ म्हणून निघून जाणं सोपं आहे. पाळी लावा.

कामं चार: रात्र, डबा, कागद, गाडी. रविवारच्या उपासनेनंतर दहा मिनिटं थांबून पुढच्या आठवड्याची नावं कागदावर लिहा, ‘कुणीही सांगा, आम्ही आहोत’ असं मोघम सोडू नका. रात्रीला आठवड्यातून निदान दोन वेळा बाहेरचा माणूस हवा, बाईजवळ बाई, पुरुषाजवळ पुरुष. कर्नाटकात साध्या सरकारी बसनं बायकांना शक्ती योजनेत मोफत प्रवास आहे. त्यामुळं खेड्यातून दवाखान्यात पाळीला यायला महिला मंडळाला तिकिटाचा प्रश्न येत नाही, आधार कार्ड मात्र बरोबर असावं.

सांभाळणारीला आठवड्यातून सलग तीन तास घराबाहेर मिळाले पाहिजेत. त्या वेळात ती उपासनेला गेली, माहेरी गेली, नुसती झोपली, तिची मर्जी. कुणी हिशेब मागू नये.

*तपासा:* दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली आहे, भूक नाही, कशातच मन नाही, ‘मी मेले तर सुटेन’ असं बोलणं? ते बोलणं गांभीर्यानं घ्या. ‘हे पाप आहे’ म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’, एकटं सोडू नका, आणि टेलि-मानसच्या 14416 या मोफत नंबरला तिच्याबरोबर बसून फोन लावा.

## टप्पा 8: खर्चाचं

थोडक्यात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या 30 टक्के, तेही 1.5 लाखांपर्यंत. खासगी रुग्णालयात जायचं तर बहुतेक उपचारांना आधी सरकारी दवाखान्याची शिफारस-चिठ्ठी लागते. तातडीच्या प्रसंगी लागत नाही. अथणीचे लोक मिरजेला, निपाणीचे कोल्हापूरला जातात. तिथं हे कार्ड चालेल का, ते भरती होण्याआधी काउंटरवरच्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नाही. टीबीच्या रोग्याला उपचार मोफत असून पोषणासाठी महिना 1000 रुपये बँक खात्यात येतात. आले का ते आशाताईंना विचारा.

मंडळीनं मदत गोळा केली तर हिशेब दोघांच्या सहीनं ठेवा. आणि मदतीच्या बदल्यात वेदीवरून साक्ष द्यायला लावू नका. फायनान्सचा हप्ता थकलेला असेल तर तो आकडा प्रार्थनेच्या विषयात न टाकता मंडळीच्या वडिलांना एकांतात सांगा.

## टप्पा 9: बरं होणार नाही असं कळल्यावर

डॉक्टर ‘घरी घेऊन जा’ म्हणतात तेव्हा दोन टोकं होतात. एक तर आणखी जोरात बरं होण्याचीच प्रार्थना, नाहीतर एकदम सगळं बंद. दोन्हींत रोगी एकटा पडतो.

पहिलं काम: वेदना. ‘दुखणं कधी, किती, कुठं’ हे वहीत दोन दिवस लिहून डॉक्टरांकडं जा आणि वेदनाशामक उपचारांचं विचारा. वेदना सोसणं हाच क्रूस, असं रोग्यावर लादू नका. मॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्यात पाप नाही. कॅथलिक शिकवणीतही वेदना कमी करणारी औषधं मान्य आहेत.

दुसरं: त्याला विचारा, माहीत करून घ्यायचं आहे का? हो म्हणाला तर खरं सांगा, हळू. मग चार गोष्टी त्याच्याकडून समजून घ्या: कुणाला भेटायचं आहे, कुणाशी मिटवायचं आहे, कुठं राहायचं आहे, दफनविधीला कोणती गाणी हवीत. शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण पुष्कळ म्हातारी माणसं त्याचं उत्तर तयार ठेवूनच बसलेली असतात.

तिसरं: बरं होण्याचं मागणं बंद करायची गरज नाही, फक्त त्याचा क्रम बदला. आता सोबतीचं मागणं पहिलं, आजचं दुसरं, मोठं तिसरं. शेवटच्या दिवसांत शुद्ध हरपली तरी ऐकू येत असावं असं धरून बोला, आणि ज्या भाषेत तो लहानपणी प्रार्थना शिकला त्या भाषेत. कारवारकडून आलेल्या आजीला मराठी स्तोत्रापेक्षा कोकणीतली ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना जवळची असेल.

मृत्यूनंतर पाळीचा कागद लगेच फाडू नका, तो निदान महिनाभर चालू राहू दे. डबा पहिले दहा दिवस. बँक, रेशन कार्ड आणि मृत्यूच्या दाखल्याची धावपळ ‘कागद’वाल्या माणसाकडं, मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. भाड्याची खाट आणि ऑक्सिजनचं मशीन मात्र त्याच आठवड्यात कुणीतरी उचलून परत द्यावं, कारण दिवसाचं भाडं चालूच राहतं आणि घरच्यांना त्या खोलीत जायचा धीर होत नाही.